हेगनची ती पाच विजेतेपदं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: गोल्फपटू वॉल्टर हेगनच्या नावापुढे सगळ्या तक्त्यांत ११ मेजर (गोल्फमधल्या सर्वांत मानाच्या स्पर्धा) लिहिलेल्या असतात, पण काही जुनेजाणते १६ म्हणतात. मधल्या पाच कुठून आल्या? वेस्टर्न ओपन म्हणतात ती हीच का, आणि हीच असेल तर ती आता कुठे दिसत का नाही?

आधी सरळ उत्तर. हो, त्या पाच वेस्टर्न ओपनच्याच: १९१६, १९२१, १९२६, १९२७ आणि १९३२. स्पर्धा बंद पडलेली नाही. २००७ पासून तिचं नाव बदललं आणि ती बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिप झाली. नुसता तक्ता भरायचा असेल तर इथे थांबलात तरी चालेल. मला मात्र या विषयावर दोन वाक्यांत आवरत नाही. १९९७ ते २००६ मी नोकरीनिमित्त शिकागोच्या उपनगरात होतो. दर उन्हाळ्यात चार दिवस रजा टाकून या स्पर्धेत मार्शल, म्हणजे गर्दी आवरणारा स्वयंसेवक, म्हणून दोरीपाशी उभा राहायचो. परत आल्यापासून पुण्यात आणि इकडेतिकडे स्पर्धांना रेफरी म्हणून जातो. रेफरीच्या आयुष्यात रिकामा वेळ फार, त्यामुळे जुने हिशेब तपासायची खोड लागते.

नावापासून सुरुवात करू. नकाशा उघडला तर शिकागो काही अमेरिकेच्या पश्चिमेला नाही. पण १८९९ मध्ये न्यूयॉर्क-बोस्टनच्या मंडळींच्या लेखी डोंगर ओलांडला की पुढे सगळा पश्चिमच. यूएसजीए ही राष्ट्रीय संघटना १८९४ मध्ये निघाली, १८९५ पासून यूएस ओपन सुरू झाली. संस्थापक क्लबांत शिकागोचा एक क्लब होता, तरी वजन सगळं पूर्व किनाऱ्याचं. तेव्हा शिकागोच्या आसपासच्या क्लबांनी १८९९ मध्ये आपली वेस्टर्न गोल्फ असोसिएशन काढली आणि त्याच वर्षी पहिली वेस्टर्न ओपन भरवली. जागा ग्लेन व्ह्यू क्लब. तो ज्या टीचभर गावात आहे त्या गावाचं नावच गोल्फ. पत्ता लिहायचा तो ‘गोल्फ, इलिनॉय’.

पहिला विजेता विली स्मिथ, स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीचा. त्याच वर्षी त्याने यूएस ओपन ११ फटक्यांच्या फरकाने जिंकली होती. हा विक्रम शंभर वर्षं टिकला, २००० मध्ये पेबल बीचवर टायगर वुड्स १५ फटक्यांनी जिंकला तेव्हा कुठे मोडला. विलीचा भाऊ अ‍ॅलेक्स १९०३ आणि १९०६ ची वेस्टर्न जिंकला. तिसरा भाऊ मॅकडोनल्ड १९१२, १९२५ आणि १९३३ ची. एका घरात सहा! यातल्या मॅकडोनल्डला मेजर एकही मिळाली नाही, असं आजचे तक्ते सांगतात. त्याच्या काळात हे वाक्य कुणाला कळलंही नसतं.

इथेच तुमच्या प्रश्नाचं खरं मूळ आहे. मेजर म्हणजे काय, हे कुणी कधी बैठक घेऊन ठरवलेलं नाही. १९३० मध्ये बॉबी जोन्सने ‘चारही’ जिंकल्या म्हणतात, त्या चार म्हणजे अमेरिका आणि ब्रिटनची ओपन अधिक दोन्हीकडची अमॅच्युअर, म्हणजे हौशी खेळाडूंची स्पर्धा. हेगनसारख्या व्यावसायिकाला अमॅच्युअर स्पर्धा खेळताच येत नव्हती. मग व्यावसायिकाने कशाकडे बघायचं? दोन ओपन, १९१६ पासून पीजीए (व्यावसायिकांच्या संघटनेची स्पर्धा), आणि वेस्टर्न. आज मेजर असलेल्या मास्टर्सचा तर १९३४ पर्यंत पत्ताच नव्हता. हेगनच्या वेळचा व्यावसायिक वेस्टर्नला येताना एखादी फुटकळ प्रादेशिक स्पर्धा खेळायला येत नव्हता, समोर कोण कोण आहे हे त्याला पक्कं ठाऊक असायचं. विजेत्यांची यादीच बघा. जिम बार्न्स तीनदा, विली अँडरसन चारदा, राल्फ गुल्डाल १९३६ ते १९३८ ओळीने तीनदा. सारझेन, आर्मर, नेल्सन, होगन, स्नीड, सगळे आहेत. अँडरसनने १९०२ मध्ये क्लीव्हलँडला ७२ होल २९९ फटक्यांत संपवले. अमेरिकेत मोठ्या स्पर्धेत ३०० च्या आत येणारा तो पहिला. १९१० मध्ये अवघ्या ३१ व्या वर्षी तो गेला. चार यूएस ओपन त्याच्या नावावर आहेत, म्हणून निदान त्याचं नाव लोकांना माहीत आहे.

मग ती घसरली कशी? माझ्या मते तीन कारणं, आणि त्यातलं एकही खेळाच्या दर्जाचं नाही. पहिलं, ती फिरत राहिली. मिलवॉकी, क्लीव्हलँड, १९४० मध्ये ह्यूस्टन, मग फिनिक्स, १९५५ मध्ये पोर्टलंड, १९५६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को. उत्सव दरवर्षी वेगळ्या गावात असला की त्याची सवय कुणालाच लागत नाही. मास्टर्सने नेमकं उलट केलं: तेच मैदान, तोच आठवडा, तीच फुलं. दुसरं, घरातच सवत आली. चाळिशी-पन्नाशीच्या दशकांत शिकागोजवळ टॅम ओ’शँटरवर जॉर्ज मे नावाच्या उद्योजकाने बक्षिसांची अशी काही खैरात सुरू केली की बाकी सगळे दरिद्री वाटू लागले. त्याच्या १९५३ च्या स्पर्धेत लू वर्शमने शेवटच्या होलवर शंभरेक यार्डांवरून वेजचा फटका थेट होलमध्ये घातला. देशभर टीव्हीवर दिसलेली ती पहिली गोल्फ स्पर्धा. बक्षीस २५ हजार डॉलर, पुढच्या वर्षी ५० हजार. असोसिएशन असले पैसे देऊ शकत नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला द्यायचेही नव्हते. का, ते पुढे येतं. तिसरं कारण म्हणजे १९६०. त्या वर्षी मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकलेला आर्नल्ड पामर सेंट अँड्र्यूजला निघाला होता. वाटेत एका पत्रकार मित्राशी बोलता बोलता त्याने व्यावसायिकांसाठी चार स्पर्धांचा नवा ग्रँड स्लॅम मांडला. मास्टर्स, दोन ओपन, पीजीए. सेंट अँड्र्यूजला तो एका फटक्याने हरला, पण कल्पना जिंकली. वेस्टर्न त्या यादीत नव्हती, आणि गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, पामरनेच ती जिंकली. १९६३ मध्ये पुन्हा.

याहून मोठी गंमत महिलांच्या बाजूला आहे. विमेन्स वेस्टर्न ओपन ही १९३० ते १९६७ चालली, वेगळ्या महिला असोसिएशनची स्पर्धा. एलपीजीए ही महिला व्यावसायिकांची संघटना आजही तिला अधिकृत मेजर मानते. पॅटी बर्गच्या सात, लुईस सग्जच्या चार, बेब झहारियसच्या चार, सगळ्या मेजरच्या खात्यात जमा. म्हणजे एकाच नावाची स्पर्धा बाईने जिंकली तर मेजर, पुरुषाने जिंकली तर नाही. हेगनचा आकडा हा इतिहास कमी आणि हिशेबनीसाची मर्जी जास्त, असं मी म्हणतो ते यासाठी.

आता त्या पैशांकडे येतो. माझ्या दृष्टीने या स्पर्धेची खरी गोष्ट तिथेच आहे.

१९१० ची वेस्टर्न बेव्हर्ली क्लबवर झाली, मॅच-प्ले पद्धतीने, म्हणजे दोघादोघांच्या समोरासमोरच्या सामन्यांनी. जिंकला चिक इव्हान्स. वय विशीतलं, अमॅच्युअर, लहानपणी शिकागोच्या एजवॉटर क्लबवर बॅगा उचललेला पोरगा. व्यावसायिकांच्या घोळक्यात अमॅच्युअर जिंकला, असं या स्पर्धेत पुन्हा व्हायला १९८५ उजाडलं. १९१६ मध्ये इव्हान्सने यूएस ओपन आणि यूएस अमॅच्युअर दोन्ही जिंकल्या, एकाच वर्षी दोन्ही जिंकणारा पहिला माणूस. ओपनमध्ये त्याच्या बॅगेत सात क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) होते. आज १४ ची मर्यादा आहे आणि आपली मंडळी तेवढ्यातही कमी पडतात म्हणून कुरकुरतात. त्याचा २८६ चा विक्रम वीस वर्षं टिकला.

एवढं नाव झाल्यावर त्याने गोल्फचे धडे ग्रामोफोन तबकड्यांवर दिले, आणि त्याचे पैसे येऊ लागले. ते खिशात घातले असते तर अमॅच्युअरपण गेलं असतं. पैसे परत करायचे? की वाया घालवायचे? त्याच्या आईने सुचवलं की कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा उचलणाऱ्या, पोरांच्या शिक्षणाला लाव. इव्हान्सचं स्वतःचं कॉलेज पैशांपायी अर्धवट सुटलं होतं, त्यामुळे तिला हे सुचावं यात नवल नाही. निधीचा कारभार त्याने वेस्टर्न गोल्फ असोसिएशनवर सोपवला, आणि १९३० मध्ये पहिले दोन कॅडी त्या पैशांवर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेले. आजवर दहा हजारांहून जास्त पोरंपोरी इव्हान्स स्कॉलर म्हणून पदवीधर झाली आहेत. फी आणि राहणं, दोन्ही. बऱ्याच विद्यापीठांत त्यांची स्वतःची घरं आहेत, तिथे ही मुलं एकत्र राहतात. वेस्टर्न ओपनमधून उरलेला पैसा तिकडे जायचा. जॉर्ज मेशी बक्षिसांच्या बाबतीत शर्यत लावायची नव्हती ती म्हणून.

यातला एक बारकावा आपल्याकडच्या लोकांना सांगितला की त्यांना पटकन खरा वाटत नाही. शिष्यवृत्तीसाठी गोल्फ चांगलं खेळता यायला हवं, अशी अटच नाही. कॅडी म्हणून काम किती आणि कसं केलंस, मार्क किती, घरची परिस्थिती काय, वागणं कसं, एवढं बघतात. हँडिकॅप, म्हणजे खेळाची पातळी सांगणारा आकडा, कुणी विचारत नाही. आपल्याकडे कॅडीचं पोर वर आलं तर ते खेळाच्याच जोरावर. दिल्ली गोल्फ क्लबवर बॅगा उचललेला अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला, असा पहिला भारतीय व्यावसायिक. त्याच्या आधी १९६५ मध्ये जिंकलेले सेठी अमॅच्युअर होते. चौरसिया रॉयल कलकत्त्याच्या ग्रीनकीपरचा मुलगा, तो २०१६ आणि २०१७ अशी दोनदा जिंकला. दोघांबद्दल मला अपार आदर आहे. पण ज्या पोराला वाळूच्या बंकरमधून चेंडू काढता येत नाही, पण गणित सुटतं, त्याचं काय?

कॉग हिलला, म्हणजे माझ्या वेळी स्पर्धा व्हायची त्या मैदानावर, एकदा संध्याकाळी सामान आवरताना तिथल्या एका कॅडी मुलीशी गप्पा झाल्या. सतरा-अठराची असेल. खांद्यावर टॉवेल, टॉवेलचं एक टोक ओलं, एक कोरडं. ओल्याने क्लबचा चेहरा पुसायचा, कोरड्याने मूठ. हातात छोटी वही, प्रत्येक ग्रीनचा (होलभोवतीच्या हिरवळीचा) उतार बाणांनी काढलेला. म्हटलं, स्वतः किती खेळतेस? म्हणाली, फारसं नाही, मला केमिकल इंजिनिअर व्हायचंय. मुलाखतीत विचारतात म्हणून ती आपल्या ‘लूप’ मोजून ठेवत होती. लूप म्हणजे बॅग घेऊन मारलेली १८ होलची एक फेरी. दोनशेच्या पुढे गेल्या होत्या.

रेफरी म्हणून मला या स्पर्धेतली सर्वांत महत्त्वाची तारीख विचाराल तर मी विजेत्याची सांगणार नाही. २७ जून १९७५ सांगेन. १९७४ पासून स्पर्धा ओक ब्रुकच्या बटलर नॅशनलवर होत होती. पहिल्याच वर्षी टॉम वॉटसनने तिथे पीजीए टूरवरची, म्हणजे व्यावसायिकांच्या मुख्य स्पर्धामालिकेतली, आयुष्यातली पहिली स्पर्धा जिंकली. दुसऱ्या वर्षी वादळात ली ट्रेव्हिनो आणि जेरी हर्ड तेराव्या ग्रीनपाशी पाऊस जायची वाट बघत बसले होते. ट्रेव्हिनो बॅगेला टेकून. शेजारी पाणी. वीज पडली आणि दोघंही उडाले. मैदानाच्या दुसऱ्या भागात बॉबी निकल्सलाही झटका बसला. तिघंही वाचले. ट्रेव्हिनोची पाठ मात्र बिघडली ती बिघडलीच, पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. त्यावर त्याचा विनोद प्रसिद्ध आहे: विजा चमकू लागल्या की एक नंबरचं आयर्न (मारायला फार अवघड असा क्लब) वर धरा, ते देवालासुद्धा मारता येत नाही. विनोद छान. पण स्पर्धा चालवणाऱ्याला तो ऐकून घाम फुटतो.

आज विजेचा नुसता संशय आला तरी भोंगा वाजवायचा. सलग एक लांब आवाज म्हणजे खेळ तात्काळ बंद. पट (ग्रीनवरून होलमध्ये ढकलायचा हलका फटका) टाकायला पोझिशन घेतली असली तरी पुढचा फटका मारायचा नाही. तीन आवाज म्हणजे साधी स्थगिती, त्यात हातातला होल पुरा करता येतो. दोन छोटे म्हणजे पुन्हा सुरू. मेअखेरीस पुण्यात वळीव येतो तेव्हा चार वाजता आभाळ असं काळं होतं की विचारू नका, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी दोन फुटांच्या पटवर उभा असतो. ‘सर, एवढा टाकतो ना!’ नाही. एका ज्येष्ठ सभासदाने लांब भोंग्यानंतर तो पट टाकला आणि मी त्यांना बाद केलं. दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांना ट्रेव्हिनोची गोष्ट सांगायला गेलो होतो, त्यांनी ऐकून घेतली नाही.

बटलरवरचे किस्से बरेच आहेत. १९८५ मध्ये स्कॉट व्हरप्लँक नावाच्या कॉलेजकुमाराने बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये जिम थॉर्पला हरवलं. तो अमॅच्युअर, म्हणून बक्षिसाला हात लावता येईना. पहिल्या नंबरचे ९० हजार डॉलर हरलेल्या थॉर्पला मिळाले. १९८७ मध्ये पुराने अर्धं मैदान पाण्याखाली गेलं, तर बटलरचे काही होल आणि शेजारच्या नगरपालिकेच्या कोर्सचे काही होल जोडून स्पर्धा उरकली. १९८८ मध्ये जिम बेनेपी पीजीए टूरवर पहिल्यांदाच खेळत होता, आणि जिंकून गेला. ओपन हा शब्द मला अशा वेळी आवडतो.

बटलर सुटलं ते पुरामुळे नाही. १९९० मध्ये पीजीए चॅम्पियनशिप अलाबामात शोल क्रीक क्लबवर होती. तिथल्या संस्थापकाने कृष्णवर्णीयांना सभासदत्व देणार नाही अशा अर्थाचं बोलून ठेवलं, जाहिरातदार पळाले आणि टूरने नियम केला की भेदभाव करणाऱ्या क्लबवर स्पर्धा नाही. बटलर पुरुषांचाच क्लब होता. त्यांनी नियम बदलण्यापेक्षा स्पर्धा सोडणं पसंत केलं. १९९१ पासून वेस्टर्न ओपन लेमाँटच्या कॉग हिलवर आली. हा पैसे भरून कुणीही खेळावं असा सार्वजनिक कोर्स, आणि त्याचा तेव्हाचा मालक जो जेम्सेक हा पूर्वी स्वतः कॅडी होता. स्पर्धेचा नफा कॅडींना, मैदान कॅडीचं. असं जुळून आलं.

कॉग हिलचा चौथा कोर्स म्हणजे डब्ज्ड्रेड. डब म्हणजे नवशिका, त्याला धडकी भरवणारा. तिथे १९९७ हे माझं पहिलं वर्ष. हातात ‘शांतता’ लिहिलेली पाटी, अंगात घामाने चिकटलेला शर्ट. रविवारी टायगर अठराव्या फेअरवेवरून ग्रीनकडे निघाला आणि मागची गर्दी दोरी ओलांडून आत घुसली. आम्ही मार्शल लोकांनी दोरी घट्ट धरली होती. दोरी आमच्याच हातात राहिली, माणसं पुढे गेली. कुणी कुणाला ढकललं नाही, आरडाओरडा नव्हता, सगळे नुसते त्याच्यामागून चालत होते, पालखीच्या मागे चालावं तसे. तो तीन फटक्यांनी जिंकला. पाटी मी कुठे ठेवली ते मला संध्याकाळपर्यंत आठवेना.

२००६ ची शेवटची. ट्रेव्हर इम्मेलमन जिंकला, टायगरला दोन फटक्यांनी मागे टाकून. सगळ्यांना माहीत होतं की पुढच्या वर्षी हे नाव नसणार. टूरने फेडेक्स कपचे प्लेऑफ, म्हणजे हंगामाच्या शेवटी निवडक खेळाडूंच्या स्पर्धा, आणले, स्पर्धा जुलैमधून हलली, कंपनीचं नाव लागलं. खेळाडू १५० च्या पुढे असायचे ते ७० झाले, २०२३ पासून तर ५०. कुणा बेनेपीने येऊन जिंकायची सोयच उरली नाही. २००८ पासून ती पुन्हा गावोगाव फिरू लागली: सेंट लुईस, इंडियाना, डेन्व्हर, बाल्टिमोरजवळ. पैसा मात्र अजूनही इव्हान्स स्कॉलर्सलाच जातो.

नाशिकला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक अजून गोल्फ क्लब मैदानच म्हणतात. तिथे क्रिकेट होतं. नाव राहिलं, खेळ गेला. वेस्टर्नचं उलटं झालं.

तुमच्या तक्त्याबद्दल शेवटचं. हेगनपुढे ११ च लिहा: दोन यूएस ओपन, चार ब्रिटिश, पाच पीजीए. खाली वेस्टर्नची पाच वर्षं वेगळी द्या. आणि टायगरकडे एकदा बघून घ्या. पीजीए टूर वेस्टर्न आणि बीएमडब्ल्यू एकच स्पर्धा धरते. तसं धरलं तर १९९७, १९९९, २००३, २००७ आणि २००९ मिळून त्याचीही पाच होतात, हेगनइतकीच. मी मात्र त्याची तीनच धरतो. शेवटच्या दोन वेळी दार उघडं नव्हतं.